पेन्सिलीची रेघ

लेबलवरची पेन्सिलीची रेघ… दारू बरोबर रेघेला टेकलेली, एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही. तिने बाटली कपाटाच्या तळाशी ठेवली. संध्याकाळी नणंद येणार होती, लेकीला न्यायला. "थोडेच दिवस, वहिनी. तुम्ही बऱ्या होईपर्यंत." बरी? मला काय धाड भरलीय? ही रेघ समोर धरली की संपलं. रेघ ओढल्यापासून तिने झाकणाला बोट लावलं नव्हतं. सुरुवातीला तलफ आली की घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसायची.

रेघ नवऱ्याने ओढलेली, ती प्याली तर कळावं म्हणून. पहिला पेलाही त्यानेच भरलेला — लॉकडाऊन, सगळं बंद, त्याचा पगार निम्मा, तिच्या पार्लरला कुलूप — "घे गं थोडी, एकट्याला जात नाही." आणि तिनेही घेतली, ठसका लागून, हसत… खिडकीत दोघंच, बाटली घरपोच, जग गेलं खड्ड्यात! किती जवळ आलो होतो आम्ही. मग त्याचं ऑफिस उघडलं, पार्लर उघडलंच नाही, आणि हा एकाएकी सोवळा झाला. "मी सोडली, हिला सुटेना," असं तो बहिणीला फोनवर सांगत असताना तिने ऐकलं. हल्ली हॉलमध्येच निजतो. घरातही मास्क काढत नाही, जवळ येत नाही. तुमच्याच काळजीने, म्हणतो.

नणंद आली. लेक बॅग घेऊन दाराशी, चपला उलट्या घातलेल्या. तिने बाटली पुढे केली.

"बघा. रेघेवर आहे."

नणंदेने ती खिडकीपाशी नेली. उजेडात दारू फिकट, पातळ दिसली. नणंदेने झाकण काढून वास घेतला.

"वहिनी, हे नुसतं पाणी आहे हो."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. मास्कच्या वर तांबारलेले डोळे… ते पटकन खाली वळले. म्हणजे तू? रोज? आणि वर पाणी ओतून माझ्याच माथी… अरे, विश्वास ठेवला रे मी त्या रेघेवर!

"जाऊ दे गं," तो बहिणीला हळूच म्हणाला, "तिला बोलू नकोस. आजार आहे तो."

केवढी माया त्या आवाजात! खिडकीत बसून बोलायचा तसाच. आता तोंड उघडलं तर चोराच्या उलट्या बोंबाच ठरतील. ती लेकीच्या चपला नीट करायला वाकली, तर लेकीने तिचा वास नको म्हणून श्वास रोखला… आणि छे, क्षणभर तिला नवऱ्याचे आभारच वाटले, सांभाळून घेतलं म्हणून. मीच तर नाही ना… झोपेत, कधीतरी?

तिने टाळ्याला जीभ लावून चव शोधून पाहिली.