खेळातला काडीमोड

नवऱ्याला मी सोडलं ते खेळात, पण मनापासून. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मागाहून म्हणाल, हर्मेलिंडा लबाड आहे.

सिनाकाराच्या डोंगरात दरवर्षी यात्रा भरते, त्या यात्रेत देवळाच्या वरच्या अंगाला खेळाचं मैदान आहे. तिथं आम्ही मोठी माणसं पोरासोरांसारखी दगड मांडून बसतो. ज्याला जे हवं ते त्यानं दगडांचं मांडायचं. घर मांडा, दुकान मांडा, लोकरीच्या अल्पाकांचा कळप मांडा. शेजारी कुणी खोटा वकील होतो, कुणी खोटा पाद्री, कुणी खोटा जज. तो खोटा शिक्का मारतो, आपण खोटी फी देतो, सगळे पोट धरून हसतात, आणि वर्षाच्या आत ते खरं होतं. माझ्या नणंदेनं मेंढीला जुळं मागितलं, तर तिलाच जुळे पोरगे झाले. देवाचा पत्ता जरा चुकला, पण दिलं की नाही दिलं?

गेल्या यात्रेत मी घर मांडलं. दोन खोल्या, वर पत्रा, चुलीला वेगळी जागा. चपटे दगड वेचून वेचून बोटं सोलली. मागं वळून बघते तर आमचे नासारियोराव ट्रक मांडतायत! चाकांना गोल दगड, दिव्यांना दोन गारगोट्या, आणि तोंडानं घुर्रर्र चाललेलं. केस पिकायला आलेला बाप्या! लग्न झाल्यापासून मी गळक्या गवती छपराखाली भांडी मांडून झोपते, आणि याला ट्रक हवा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच उठले आणि जजपुढं जाऊन उभी राहिले. जज म्हणजे पाउकार्ताम्बोचा एक भाजीवाला होता, काळा चष्मा लावून बसलेला.

"या माणसापासून मला काडीमोड पाहिजे," मी म्हटलं.

लोक हसले. नासारियोही हसला. भाजीवाल्यानं दगडांची वाटणी केली, घर मला, ट्रक त्याला. वर शिक्का मारला. घरी पोचेपर्यंत माझा राग उतरला होता आणि मी ते विसरूनही गेले. नासारियो मात्र तेव्हापासून बोलेनासा झाला. तो आधीही फार बोलत नव्हता, त्यामुळं मला कळायला बरेच महिने गेले.

आमचं काम म्हणजे परदेशी पाहुण्यांना आउसांगाते डोंगराच्या भोवती फिरवून आणणं. नासारियो घोडे हाकतो, मी रांधते. डोंगराच्या या बाजूनं निघायचं, खिंडीमागून खिंडी चढायच्या आणि होतो तिथंच परत यायचं. एवढ्यासाठी ही माणसं विमानं बदलत येतात, पायांना फोड आणतात आणि वर पोचल्यावर रडतात. आम्ही पलीकडं जातो ते गवत असेल तर. असो, ज्याची त्याची हौस.

या खेपेला गट लहान होता. उपिसच्या तळावर मी रस्सा ढवळत होते तेवढ्यात विल्बर आत आला. विल्बर म्हणजे कुस्कोचा वाटाड्या. पोरगा चांगला, पण त्याच्या पोटात बातमी टिकत नाही.

"मावशी, अभिनंदन! काका ट्रकवाले होणार म्हणे!"

"कुठले काका?"

"नासारियो काका! लिओन्सियोनं ट्रक घेतला ना. निम्मी भागीदारी काकांची. माझुकोच्या खाणींवर माल न्यायचा. आपण फेरी संपवून खाली टिंकीला उतरलो की काका हो-नाही सांगणार..." माझं तोंड बघून तो थांबला. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं तर," मी म्हटलं. डाव माझ्या हातातून रश्शात पडला होता.

लिओन्सियो नासारियोचा चुलतभाऊ. माझुको खाली जंगलात, सोन्याच्या खाणींपाशी. तिकडं गेलेले आमच्या वाडीतले पुरुष एक तर सोन्याचा दात आणि दुसरी बायको घेऊन येतात, नाहीतर येतच नाहीत. पण मला धडकी भरली ती वेगळ्याच गोष्टीची. यात्रा पुढच्या महिन्यावर आली होती, वर्ष सरत आलं होतं आणि नासारियोचा ट्रक खरा झाला होता. मग त्याच मैदानावरचा, त्याच दिवशीचा माझा काडीमोड? देव काय निम्मं काम करतो? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्याला सरळ विचारायचं, एवढं साधं होतं. पण आधी विचारेल ती हर्मेलिंडा कसली! रात्रीचं वाढताना मी वाडगा त्याच्यापुढं आदळला.

"खा. माझुकोला असलं मिळायचं नाही."

त्यानं वाडग्यात बघितलं, घास घेतला.

"खारट झालंय," म्हणाला आणि घोड्यांकडं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी अरापाच्या खिंडीत मी कोकाची तीन पानं हातात धरली, फुंकर घातली आणि डोंगराला म्हटलं, "आपू आउसांगाते, तू थोर आहेस, म्हातारा आहेस, आमचा मायबाप आहेस. त्या दिवशी माझं डोकं फिरलं होतं. घर राहू दे, पत्रा राहू दे. ते दुसरं मागितलेलं तेवढं परत घे." त्यावर आपूनं, म्हणजे आमच्या डोंगरदेवानं, काय करावं? ढग ओढून घेतला. शेंड्यापासून पायथ्यापर्यंत गडप! पुरुषच तो. अडचणीचा प्रश्न आला की तोंडावर घोंगडी.

त्या संध्याकाळी तळ्याकाठी पाहुण्यांना चहा आणि मक्याच्या लाह्या देत होते. गटात एक पांढऱ्या केसांची बाई होती, मार्गित नावाची. गुडघे दुखतात म्हणून चढावर आमच्या राखीव घोड्यावर बसायची, आणि घोड्याशी अगदी मानानं वागायची.

"मावशी, त्या त्यांच्या देशात जज होत्या," विल्बर म्हणाला. "नवरा-बायकोचे खटले. जन्मभर तेच केलं."

माझ्या हातातल्या लाह्या सांडल्या. "खऱ्या जज? शिक्क्याच्या?"

"खऱ्या."

आता तुम्हीच सांगा. भाजीवाल्याचा निकाल वर्षात खरा होतो, तर खऱ्या जजचा निकाल किती खरा होईल? विल्बरला तिथंच खाली बसवलं आणि सगळी हकिकत सांगितली.

"पण मावशी, त्या रिटायर झाल्यात."

"भाजीवाला तरी कुठं नोकरीत होता? तू सांग त्यांना. म्हणावं, एक निकाल फिरवायचाय."

विल्बरनं त्यांच्या भाषेत सांगितलं. बरोबरचे लोक खो खो हसले. जजबाई आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. कप खाली ठेवून त्यांनी एकच विचारलं. विल्बर म्हणाला, "विचारतायत, त्या वेळी नवऱ्याचं म्हणणं ऐकून घेतलं होतं का?"

"त्याला म्हणणं असतं हे कुणाला माहीत?" मी म्हटलं.

"मग उद्या खिंडीत दोघांना ऐकते म्हणतायत."

पालोमानीची खिंड सगळ्यांत उंच. तिथं माणसाला श्वास पुरत नाही, म्हणून खोटंही फार बोलता येत नाही. जजबाई घोड्यावरून उतरल्या, अंगात ते फुगलेलं जाकीट, नाकाला पांढरा मलम, आणि एका मोठ्या दगडावर बसल्या. बाकीचे काठ्या टेकून भोवती बसले. वारा असा की टोपी धरावी की शाल हेच कळेना. नासारियो घोड्यांचे तंग आवळत होता. विल्बरनं त्याला हाक मारली.

"काका, या इकडं. कोर्ट बसलंय."

"मी काय केलं?"

"तेच विचारायचंय."

तो येऊन उभा राहिला. मी सांगितलं, मला खेळातला काडीमोड रद्द करायचाय. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू घोडाच बोलायला लागला. जजबाईंनी त्याला विचारलं, ट्रक कशाला मांडला होता?

त्यानं टोपी हातात घेऊन फिरवली.

"पत्रा कशावर आणायचा होता?" तो एकदम म्हणाला. "घोड्यावर? दरवाजे, खिडक्या, सिमेंट, सगळं टिंकीहून आमच्या वाडीवर कोण आणतं? हिनं घर मागितलेलं मी बघितलं. म्हटलं, दोघांनी एकच कशाला मागायचं? ही घर मागतेय, तर आपण ट्रक मागू."

"मग तोंड शिवलं होतं का, मेल्या?" माझा आवाज चढला. "तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगायला आलो, तर तू जजपुढं."

"तू हसलास!"

"सगळे हसत होते. मग काय रडू?"

जजबाईंनी हात वर केला. आम्ही दोघं गप्प. सवयीचा हात होता तो, लगेच कळलं.

"आणि माझुको?" विल्बरनं त्यांचा प्रश्न सांगितला.

नासारियो माझ्याकडं न बघता विल्बरलाच म्हणाला, "हिनं मनापासून मागितलं होतं. मी हिचं तोंड बघितलं होतं त्या दिवशी. वर्ष सरलं की ही मला हाकलणार. हाकलून घेण्यापेक्षा आपणच गेलेलं बरं. लोकांना सांगता येतं, कामाला गेला."

हा माणूस वर्षभर रोज सकाळी माझ्या आधी उठून पाणी भरून ठेवत होता. मला वाटायचं, रागानं माझ्याशी बोलत नाही. आणि हा मनात दिवस मोजत बसला होता.

जजबाई विल्बरशी बोलल्या. विल्बरनं छाती काढून जाहीर केलं, "नवऱ्याचं न ऐकता निकाल दिला, म्हणून तो निकाल रद्द!" जजबाईंनी मलमाच्या डबीचं झाकण दगडावर दाबून शिक्काही मारला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच धापा टाकत थांबले.

मी उठायला लागले, तर जजबाई म्हणाल्या, बस. रद्द झालं म्हणजे तुम्ही होता तिथं आलात, एवढंच. आता तुला काय पाहिजे ते तू सांग.

"सांगितलं की, काडीमोड नको."

नको ते कळलं, म्हणाल्या. हवं काय?

आता एवढ्या लोकांदेखत, त्या डोंगरासमोर काय सांगायचं? ढगही नेमका तेव्हाच सरकला आणि आपू समोर उभा, उघडा, कान टवकारून. मी नासारियोकडं वळले.

"हे बघ, तू गेलास तर मी मरणार नाही. घोडे हाकीन, रांधीन, तुझ्या आईला शिव्या देत मजेत जगेन. त्या दिवशी मला तू नको होतास, ते खरंच होतं. आता मला तू हवायस, तेही खरं आहे. ट्रक नको, पत्रा नको. गळू दे ते छप्पर. मला तू पाहिजेस, मुडद्या."

जजबाईंनी विल्बरकडं बघितलं. विल्बर खाकरला आणि त्यांच्या भाषेत दोन शब्द बोलला.

"काय सांगितलंस?" मी म्हटलं.

"हेच, की... राहू दे त्याला."

"एवढंच नाही म्हणाले मी! सगळं सांग. मुडद्यासकट सांग!"

नासारियोनं टोपी तोंडावर धरली होती. टोपीच्या आडून म्हणाला, "परत विचारा तिला."

"का? ऐकू आलं नाही?"

"आलं. पण परत विचारा."

मी परत सांगितलं. शेवटी आवाज फुटला, वाऱ्यानं फुटला असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. नासारियोनं टोपी काढली, बाहीनं नाक पुसलं आणि विल्बरला म्हणाला, "खाली फोन लागायला लागला की लिओन्सियोला कळव."

"काय कळवू, काका?"

"म्हणावं, दुसरा माणूस बघ. नासारियोला घरी काम आहे."