मेरिगोल्डचं दार

कॅमेऱ्यासमोर मेरिगोल्डचा स्फोट झकास झाला. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यात जोरात वाजवल्या त्या वेंडेलने. मी हात खिशात घालून उभी होते.

‘मेरिगोल्ड’ हे आमच्या टीव्हीवरच्या अंतराळ-मालिकेतलं रुग्णालय-यान, म्हणजे त्याचं हातभर लांबीचं मॉडेल. दोनच भागांत दिसलं, तेही मोठ्या यानांच्या मागे. बरबँकच्या आमच्या मॉडेलच्या कारखान्यात असली दुय्यम यानं उरल्यासुरल्यातून व्हायची. खेळण्यातल्या रणगाड्यांची चाकं, शाम्पूच्या बाटल्यांची झाकणं. वेंडेल जोडायचा, मी रंगवायचे. हे यान मात्र त्याने घरी जोडलं, कारण त्याची बायको लोर्ना तेव्हा अंथरुणाला खिळली होती. चिमट्याने एकेक तुकडा ती त्याच्या हातात द्यायची. शेवटचं दार बसलं आणि पंधरा दिवसांत ती गेली. त्या दारावर वेंडेलने तांदळाच्या दाण्याहून बारीक अक्षरांत तिचं नाव लिहिलं. आम्ही सगळेच आपापल्या माणसांची नावं यानांवर अशी लिहायचो. कॅमेऱ्याला ती दिसत नाहीत.

मालिकेत हे यान स्फोटात उडवायचं ठरलं तेव्हा आमचा प्रमुख गस वेंडेलला म्हणाला होता, घाबरू नकोस, साच्यातून पोकळ नक्कल काढू आणि ती उडवू. गस त्याचा एकोणीस वर्षांपासूनचा दोस्त, लग्नातला साक्षीदार. पण नक्कल तडकली. स्फोटाच्या दिवशी सकाळी जवळून एक दृश्य घ्यायचंय असं सांगून गसने अस्सल यान मागवलं आणि वेंडेलने ते तान्ह्या पोरासारखं हातांवर आणून दिलं. मला गस म्हणाला, अस्सलच उडवावं लागणार, तोंड उघडू नकोस. मी उघडलं नाही. नोकरी मलाही प्यारी होती.

जाड काचेमागून अस्सल-नक्कल कोण ओळखणार? धूर विरल्यावर वेंडेल तुकडे गोळा करायला गेला. वाकला तो उठेचना. त्याच्या हातात लोर्नाच्या नावाचं नखाएवढं दार होतं.

“वेळच नव्हता रे,” गस म्हणाला. “पडद्यावर तीन सेकंद दिसणार. कोणाला कळणार होतं?”

“मला टाळ्या वाजवायला लावलंस, गस.”

“हिलाही माहीत होतं,” गस माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. वेंडेलने माझ्याकडे पाहिलं.

पुढच्या महिन्यात एक मालवाहू यान करायला आलं. वेंडेलने नेहमीसारखं चोख जोडलं, मी रंगवलं. गस न्यायला आला तेव्हा वेंडेलने त्याच्यापुढे एक कागद ठेवला. यान कोणाच्या ताब्यात, कशासाठी, परत कधी. इतक्या वर्षांत आमच्यात असला कागद कधी झाला नव्हता. गस हसायला गेला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. त्याने सही केली.

वेंडेलने पेन माझ्याकडे सरकवलं.

“तूही कर. रंगवायला तुझ्याकडे होतं.”

मी सही केली. त्याने कागदाची घडी घालून वरच्या खिशात ठेवली, मग पुन्हा काढली आणि आम्ही तारीख बरोबर घातली आहे ना, ते पाहिलं.