भिंतीवरची दहा नावं

गेल्या वर्षी आमच्या फुटबॉल क्लबने प्रेक्षकांच्या नव्या स्टँडखालची एक लांब भिंत रिकामी करून घेतली. ओल्डेनव्हेन गावच्या महिला संघाचा इतिहास तिच्यावर लावायचा होता. मजकूर मी लिहावा असं ठरलं, कारण क्लबच्या मासिक पत्रकात मी वर्षानुवर्षं लिहितेय आणि मला नाही म्हणायची कुणात हिंमत नाही. आराखडा हातात आला तेव्हा पाहिलं, तर इतिहास २००७ साली सुरू होत होता.

मी १९७४ साली या क्लबात आले. डावीकडून बचावात खेळले, सात वर्षं कर्णधार होते, आणि गुडघा गेल्यावर इथल्याच कँटीनमध्ये कॉफी ओतत राहिले. म्हणजे या भिंतीच्या हिशेबाने तेहेतीस वर्षं मी नव्हतेच.

"फेन्ना, व्यावसायिक लीगचं लायसन्स २००७ ला मिळालं," रूर्ड म्हणाला. रूर्ड आमचा संचालक. अडतीस वर्षांचा, नेहमी इस्त्रीच्या शर्टात. "त्याआधीचं सगळं हौशी होतं."

"हौशी म्हणजे? पाय मोडायचे ते हौसेने मोडायचे का?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हणतोस ते सांग. मला घाई नाही."

२००७ नंतरच्या मुलींनी जे केलं ते मी कमी लेखत नाही. पहिल्या वर्षी त्या कारखान्यातली पाळी संपवून सरावाला यायच्या, बसमध्ये झोपायच्या, आणि नऊ संघांत आठव्या आल्या. पाच वर्षांनी त्याच मैदानावर त्यांनी लीग जिंकली. आजवर पाच वेळा लीग, तीन वेळा चषक. युरोपातल्या स्पर्धेत एका स्पॅनिश संघाने आम्हाला सहा गोलांनी धुतलं, तरी शेवटच्या शिट्टीनंतर एक माणूस जागचा हलला नाही, सगळं गाव उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मीही वाजवत होते आणि रडत होते. पण त्या मुली जमिनीतून उगवल्या नव्हत्या. त्यांना शिकवणाऱ्या बायांना आम्ही शिकवलं होतं, मागच्या मैदानावर, जिथे मेंढ्या चरायच्या आणि सराव सुरू करण्याआधी आम्हाला लेंड्या उचलाव्या लागायच्या. पुढचं मैदान पुरुषांचं. गवत खराब होईल म्हणून आम्हाला बंदी. पुरुषांच्या बुटांनी गवत वाढत असावं.

आणि आम्ही जिंकलो होतो. १९८१ च्या जूनमध्ये, सगळ्या जिल्ह्यांच्या विजेत्यांमध्ये, अंतिम सामना, एक-शून्य. देशातला सर्वांत चांगला महिला संघ त्या वर्षी ओल्डेनव्हेनचा होता.

हे रूर्डला सांगितल्यावर त्याच्या डोळ्यांत चमक आली. ती आमच्यासाठी नव्हती. पाच विजेतेपदांची सहा होतात, आणि शेजारच्या क्लबकडेही पाचच आहेत, हे त्याने तिथल्या तिथे ताडलं.

"हे तर भारीच आहे. १९८१ पासून सुरू करू. त्या सामन्यासाठी भरलेला संघाचा फॉर्म आहे का? नावं हवीत, अकराच्या अकरा."

फॉर्म होता. माझ्याच अक्षरातला. कर्णधार म्हणून तो मीच भरला होता, आणि त्यावर मीच एक खोटं नाव लिहिलं होतं.

आमचं गाव अर्धं शनिवारचं, अर्धं रविवारचं. चर्चला धरून राहणारी घरं रविवारी खेळत नाहीत, शिलाई करत नाहीत, काही तर सायकलसुद्धा बाहेर काढत नाहीत. आलेइदा, आमची गोलकीपर, अशा घरातली. तिचे वडील चर्चच्या कारभारी मंडळात होते, आणि काळ्या कोटात रस्त्याने निघाले की पोरं खेळ थांबवायची. आमचे सामने शनिवारी व्हायचे म्हणून आलेइदाला खेळता यायचं. मुलीने चेंडूमागे लोळणंही वडिलांना आवडत नव्हतंच, पण ते गिळत होते. अंतिम सामना मात्र रविवारी ठेवला गेला. आम्हाला कुणी विचारलं नाही.

"तू नसलीस तर आम्ही पाच गोल खाऊ," मी तिला म्हणाले होते. आम्ही दोघी लोणी कारखान्यात एकाच टेबलावर वेष्टणं गुंडाळायचो.

"आणि सोमवारी पेपरात माझं नाव आलं तर? बाबा चर्चमध्ये मान वर करू शकणार नाहीत."

"नाही येणार. तिनेकेचं येईल."

तिनेके माझी धाकटी बहीण, संघातली राखीव गोलकीपर. तिचा घोटा मुरगळला होता. तिचं खेळाडू म्हणून नोंदणीचं कार्ड माझ्याकडे होतं, आणि आमच्या जिल्ह्यात तेव्हा बायकांच्या कार्डावर फोटो नसायचा. आमचे चेहरे ओळखण्याची गरज कुणाला वाटली नव्हती. एकदा तरी त्या बेपर्वाईचा आम्हाला उपयोग झाला. आलेइदाने घरी सांगितलं की ती आठवडाअखेर मावशीकडे जातेय, तिकडच्याच चर्चला जाईल. तिनेके कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून तिच्या सासूच्या गावी जाऊन बसली. आलेइदा माझ्या बहिणीच्या नावाने मैदानात उतरली, तोंडात पेपरमिंटची गोळी, जशी ती प्रवचनात चघळते तशी, आणि तिने एकही चेंडू आत जाऊ दिला नाही. सोमवारी पेपरात चार ओळी आल्या. त्यातली एक गोलकीपरबद्दल होती. तिनेके अमुक अमुक, पोलादी हातांची.

आम्ही सगळ्या हसलो. हसू थांबल्यावर कुणी ते दुरुस्त केलं नाही. मीसुद्धा नाही.

फॉर्म पिशवीत घालून मी आलेइदाकडे गेले. आता ती अडुसष्टची, नवरा गेलेला, कालव्याकाठच्या छोट्या घरात एकटी. तिने कॉफी दिली, डब्यातून एक बिस्किट दिलं आणि डब्याचं झाकण लावलं. मी सगळं सांगितलं.

"भिंत किती दिवस राहील?" तिने विचारलं.

"स्टँड पडेपर्यंत."

ती कपात चमचा फिरवू लागली. साखर तिने घातलीच नव्हती.

"मी रविवारी खेळले हे देवाला त्याच दिवशी कळलं, फेन्ना. वडिलांनाच तेवढं माहीत नव्हतं. त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. मग मी अजून लपवतेय कुणापासून?"

"म्हणजे नाव घालू?"

"मला ते हवंय." मग हळू आवाजात म्हणाली, "आयुष्यात मी तेवढी एकच गोष्ट चांगली केली. चार मुलं वाढवली, तेही केलं, पण ते सगळ्याच करतात. तो खेळ माझा होता. तुझ्या बहिणीबद्दल राग नाही. पण तिच्या घरी कॉफीला गेले की समोर भिंतीवर ते कात्रण, फ्रेममध्ये. मी चाळीस वर्षं त्या भिंतीकडे पाठ करून बसतेय."

मी रूर्डला खरं सांगितलं. त्याने उठून दार लावलं.

"हे मी ऐकलं नाही. दुसऱ्याच्या कार्डावर खेळाडू उतरली म्हणजे तो सामना हरल्यात जमा. कुणी तक्रार केली तर विजेतेपदच काढून घेतील."

"कोण करेल? त्या संघातल्या निम्म्या बायका वारल्या असतील."

"शेजारचा क्लब करेल. मी त्यांच्या जागी असतो तर मी केली असती." तो खरं बोलत होता, एवढं मान्य करावं लागेल. "बघा फेन्ना, एक तर फॉर्मप्रमाणे अकरा नावं लावू, नाहीतर १९८१ विसरून २००७ पासून सुरू करू. बाकीच्या दहाजणींना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा."

हुशार माणूस. एकीचं नाव दहाजणींच्या गळ्यात बांधलं आणि दोरी माझ्या हातात दिली.

मग तिनेके. तिने दार उघडलं आणि माझा चेहरा बघून म्हणाली, "आलेइदाचं ना? गावात कुजबुज आहे."

"तुझं नाव काढावं लागेल."

"काढ की. आणि माझ्या नातीला काय सांगू? ती इथल्या बारा वर्षांखालच्या संघात गोलकीपर आहे. आजीच्या हातांवर गेलीय म्हणतात."

"तू एकदा तरी म्हणायचंस की मी नव्हते."

"मी? फॉर्म कुणी भरला? कार्ड कुणी नेलं? मी मागितलं होतं? तू मला ते नाव दिलंस, फेन्ना, जुना कोट द्यावा तसं. चाळीस वर्षं घातल्यावर तो माझा झाला. आता उतरव म्हणतेस." ती दारातून बाजूला झाली नाही. "तुला लोक आता बाणेदार म्हणतील. मला खोटारडी."

  मी पुरुषांना चाळीस वर्षं शिव्या घातल्या की यांनी आमची नावं खाल्ली. एक नाव मी स्वतः खाल्लं होतं, आणि दुसरीच्या तोंडाला ते लावून ठेवलं होतं.

मजकूर पाठवायचा शेवटचा दिवस आला तेव्हा मी १९८१ खाली दहा नावं लिहिली. गोलकीपरची जागा रिकामीसुद्धा ठेवली नाही, ठेवली असती तर दिसली असती. तिनेकेचं नाव लिहायला हात होईना, आणि आलेइदाचं लिहिलं तर रूर्ड सगळंच पुसणार. म्हटलं, आधी भिंतीवर चढू तर दे. वाटलं होतं, दुपारपर्यंत फोन येईल. रूर्डने वाचलं, मांडणी करणाऱ्याने वाचलं, छापणाऱ्याने छापलं. फुटबॉलच्या संघात अकराजणी असतात हे या क्लबच्या कचेरीत एकाच्याही ध्यानात आलं नाही.

शनिवारी दुपारी पडदा काढला. महापौर बोलल्या, रूर्ड बोलला, व्यावसायिक संघातल्या मुली ट्रॅकसूटमध्ये रांगेत उभ्या होत्या. आमच्यातल्या सहाजणी आल्या होत्या. तिनेके नातीला घेऊन अगदी मागे. आलेइदा चर्चला जायच्या कोटात, भिंतीपासून दूर. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. तिने वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत आभार वगैरे काही नव्हतं.

टाळ्या संपल्या. योरिंदे, आमची आताची गोलकीपर, भिंतीजवळ गेली आणि बोट फिरवत नावं वाचू लागली. गोलकीपर आधी गोलकीपर शोधते.

"दहाच आहेत," ती म्हणाली. "गोलमध्ये कोण होतं?"

रूर्ड हसला. "छपाईत राहिलं असेल. तिनेके होत्या ना? त्या मागे आहेत बघा."

सगळे मागे वळले. माझ्या बहिणीने नातीचा हात सोडला. मला वाटलं, आता ही हात वर करेल, हसेल, आणि पुढची चाळीस वर्षं पुन्हा तेच.

"मी नव्हते," तिनेके म्हणाली. "मी त्या दिवशी सासूकडे बटाटे सोलत होते." नातीने तिच्याकडे पाहिलं. तिनेकेने तिच्याकडे पाहायचं टाळलं. "जी होती ती इथेच उभी आहे. तिला तोंड आहे."

 आलेइदाने पर्स या हातातून त्या हातात घेतली. मग ती भिंतीपर्यंत चालत गेली.

"मी होते," ती म्हणाली. "दुसरीच्या कार्डावर."

रूर्डने डोळे मिटले. "आलेइदा, हे आपण आत बसून बोलू. यामुळे हा सगळा फलक उतरवावा लागेल, कळतंय ना?"

"उतरव. नावं आहेत तोवर वाचू दे लोकांना."

योरिंदेने ट्रॅकसूटच्या खिशातून पेन काढलं. रूर्ड काही बोलणार तेवढ्यात संघातल्या दोन मुली त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या, जशा भिंत करून फ्री किकला उभ्या राहतात.

"सांगा," योरिंदे म्हणाली. "आलेइदा, पुढे?"

आम्हाला वाटलं ती नवऱ्याचं आडनाव सांगेल. गाव तिला त्याच नावाने ओळखतं, चर्चच्या यादीत तेच आहे, दाराच्या पाटीवर तेच आहे.

"टेर हॉर्स्ट," आलेइदा म्हणाली. "वडिलांचं लिही."