संचालक जिथे थांबले

मित्रांनो, मी एक जुनी काळी तबकडी. तुमच्या आजोबांनी मला लगेच ओळखलं असतं. तुम्ही कदाचित झाकण समजून बाजूला ठेवाल, पण मी रागावणार नाही. माझ्या अंगावरच्या बारीक रेघांमध्ये एक अख्खी सिंफनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची रचना आहे.

माझा जन्म एका मोठ्या दालनात झाला. पंख्यांचा आवाज ध्वनिमुद्रणात येईल म्हणून पंखे बंद होते आणि वादक घामाघूम झाले होते. समोर हातात छोटी काठी घेऊन वाद्यवृंदाचे संचालक उभे होते. ते स्वतः एकही वाद्य वाजवत नव्हते. तुम्ही म्हणाल, मग त्यांचं काम काय? कागदावरचे सूर सगळ्यांना सारखेच असतात. पण कुठे घाई करायची, कुठे रेंगाळायचं, कुणाला दबकत वाजवायला लावायचं, हे संचालक ठरवतात. म्हणून एकच सिंफनी प्रत्येक तबकडीत निराळी होते. पुढे रेडिओ केंद्राच्या कपाटात माझ्या शेजारी जी तबकडी होती, त्या शेजारणीत हीच सिंफनी होती, पण तिचे संचालक घरी दूध उतू चालल्यासारखे सुसाट सुटले होते.

माझे संचालक मात्र तिसऱ्या भागाच्या शेवटाकडे मध्येच थांबले. बासरीचा सूर विरत गेला, काठी वर गेली आणि वरच राहिली. कागदावर एवढा मोठा विराम नव्हता. वादकांनी श्वास रोखले. कुणाची तरी खुर्ची करकरली, तेही माझ्यात उतरलं. मग व्हायोलिनं इतक्या हळुवार आली की काचेपलीकडचा तंत्रज्ञ डोळे पुसू लागला.

एका समीक्षकाने टर उडवली, ‘संचालकांचा डोळा लागला होता काय?’ पण रेडिओ केंद्रावर लोक माझीच फर्माईश करायचे. शेजारीण धुसफुसायची. खरं सांगते, तेव्हा मी जरा भाव खात होते.

पुढे केंद्रात संगणक आले. एका तंत्रज्ञाने मला मऊ फडक्याने पुसलं आणि माझी नक्कल उतरवून घेतली. माणूस मोठा कामसू होता. पण रेडिओवाल्यांना शांततेची फार धास्ती. आवाज क्षणभर गेला तरी ऐकणाऱ्याला वाटतं, केंद्र बंद पडलं. ती जागा येताच तो पुटपुटला, “इथे आवाज गेलाय वाटतं.” त्याने तेवढा तुकडा कापला आणि दोन्ही टोकं बेमालूम जोडली.

मग आम्हाला खोक्यांत भरून जिन्याखालच्या खोलीत ठेवलं. शेजारीण कुठल्या खोक्यात गेली, कोण जाणे. तिची कुरकुरसुद्धा आता आठवते. इथे कुणी येत नाही. फार एकटं वाटतं, मित्रांनो.

एका दुपारी भिंतीपलीकडून माझाच आवाज आला. बासरी विरली आणि व्हायोलिनं धाडकन आली. मला ते ऐकवेना.

“इथे बाबा थांबायचे हो!” एक बाई म्हणाली. ती माझ्या संचालकांची मुलगी होती. “लहानपणी घरी ही रेकॉर्ड लागली की मी इथे श्वास धरून बसायचे. आता हीच सिंफनी मी बसवतेय. ते किती थांबायचे, तेवढंच ऐकायला आले होते.”

“जशी होती तशीच उतरवलीय, ताई,” संग्रह सांभाळणारे काका म्हणाले.

“मूळ तबकडी असेल का?”

“छे! त्या केव्हाच मोडीत गेल्या.”

मी इथेच आहे, काका! जिन्याखाली! पण सुई टेकवल्याशिवाय मला बोलता येत नाही.

तिने तो तुकडा पुन्हा एकदा लावून ऐकला. मग म्हणाली, “माझ्याच मनाचे खेळ असतील. मी वादकांच्या कागदांवर थांबायची खूण करून ठेवली होती. काका, तुमच्याकडे खोडरबर आहे का?”

काकांनी खण उघडल्याचा आवाज मी ऐकला.

मित्रांनो, जुनी वस्तू मोडीत गेली असं सांगण्याआधी एकदा उठून बघत जा. जे रिकामं वाटतं ते कापण्याआधी कुणालातरी विचारा. आणि त्या ताई तुम्हाला कुठे भेटल्या, तर त्यांना एवढंच सांगा, तुमचे बाबा खरंच थांबले होते.