ओली भिंत

साहेब, सिराजुद्दीनला तुरुंगात तुम्ही घातलंत. पोलीस नंतर आले.

पेट्या स्टोअरमध्ये मीच उतरवल्या. तुम्ही म्हणालात, पंपाचे पार्ट. आतून काच वाजली तेव्हा हसलात आणि केबिनमध्ये नेऊन मला तुमच्या घराण्याचं चकचकीत पुस्तक दाखवलंत. दोनशे वर्षं शॅम्पेन बनवणारं घराणं. महायुद्धात फ्रान्समध्ये जर्मन आले तेव्हा तुमच्या आजोबांनी तळघरात भिंत घालून बाटल्या लपवल्या, युद्ध संपल्यावर भिंत फोडली. फोडलेल्या भिंतीपुढे आजोबांचा फोटो. "केरू, कुवेत सुटलं की आपणही फोडू," म्हणालात.

इथे सौदीत, दम्माममध्ये दारू सापडली तर काय होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. मलाही होतं. मी गप्प बसलो. सिराजभाईला कुणीच सांगितलं नाही. पाच वेळचा नमाजी, रत्नागिरीचा गवंडी. कळलं असतं तर थापीला हात लावला नसता.

पंपाचे पार्ट समजून त्याने पेट्यांपुढे एका दिवसात भिंत घातली, प्लास्टर केलं. तुम्ही पाठ थोपटलीत आणि दुसऱ्या दिवशी विमान पकडलंत. आमचे पासपोर्ट तुमच्या तिजोरीत.

इराकची स्कड क्षेपणास्त्रं पडत होती. पाण्याचा टँकर दोन दिवसांआड. तरी सिराजभाई आपल्या वाट्याचं पाणी भिंतीवर मारायचा.

"स्वतःला आंघोळ नाही नि भिंतीला आंघोळ?" मी म्हटलं.

"सात दिवस पाणी नाही मारलं तर तडे जातात, केरू. साहेब म्हणेल, कोकणातला गवंडी कच्चा."

"साहेब पळाला. सोड ती भिंत."

"भिंत कुठे पळालीय?"

सहाव्या दिवशी पोलीस आसऱ्यासाठी खोल्या बघत आले. सगळं स्टोअर कोरडं ठणठणीत, एकाच भिंतीखाली ओल. शिपायाने काठीने ठोकलं. पोकळ वाजलं. सिराजभाई बादली घेऊन पुढे झाला. "हळू मारा," म्हणाला, "अजून ओली आहे."

भिंत पडली. बाटल्या बघून तो माझ्याकडे वळला. "तुला माहीत होतं?"

मी हो म्हटलं. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही.

पोलिसांना मी खरं सांगितलं. ते म्हणाले, साहेबाचं लेखी आणा. शनिवारी कोर्ट आहे. एक ओळ पुरे: बाटल्या माझ्या, गवंड्याला माहीत नव्हतं.

तुमच्या पुस्तकात आजोबांची भिंत बांधणाऱ्याचं नाव नव्हतं. मी तेव्हाच विचारायला हवं होतं. या भिंतीच्या गवंड्याचं नाव सिराजुद्दीन. ते घालून, सही करून शुक्रवारपर्यंत फॅक्स पाठवा.

पाठवणार की नाही?