तळ्याला हात लावायचा नाही

सांगवीच्या शिवेवर, नीरेकडे उतरत जाणाऱ्या जमिनीत दत्तोबांची वस्ती आहे आणि घरामागे परसात एक तळे आहे. त्याला तळे म्हणावे की खड्डा, याबद्दल घरात दोन मते होती. मुलगा ऋषिराज त्याला खड्डा म्हणे. आणि केवळ उत्पत्तीचा विचार केला तर तो खरा होता. घराच्या जोत्यात भरायला मुरूम हवा म्हणून जेसीबीने तो खणला होता आणि काम संपल्यावर तो तसाच राहिला होता. पण पुढे दत्तोबांनी त्यात शेततळ्याचा उरलेला प्लास्टिकचा कागद अंथरला, कडेने दगड रचले, विहिरीचे पाणी सोडले. ज्या वस्तूवर माणसाने इतके श्रम केले तिला तिच्या जन्मावरून ओळखणे हा अन्याय आहे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते खोडून काढणे सोपे नव्हते.

श्रम करायला त्यांना दुसरी जागा उरली नव्हती. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी उसाच्या रानात उतरायला मनाई केली. पाण्याची पाळी, तोडणीची टोळी, कारखान्याचे हेलपाटे हे सगळे ऋषिराजकडे गेले. ज्याच्या शब्दावाचून या घरात पाण्याची मोटर सुरू होत नसे, त्याला आता कोणी काही विचारीनासे झाले. सत्ता उरली होती ती तळ्यापुरती, आणि तीही अटीवर. ऋषिराजला नव्या ट्रॅक्टरच्या शेडसाठी तीच जागा हवी होती.

"पाणी चांगलं राहिलं तर राहू द्या, आबा," तो म्हणाला होता. "वास सुटला, मच्छर झालं, का मी मुरूम टाकून भरणार. मग माझ्यावर रुसायचं न्हाय."

"रुसायला मी काय नवरी हाय?" दत्तोबा म्हणाले; पण अट त्यांनी मान्य केली.

तळ्यात कमळ आले ते शकुबाईंमुळे. त्या दत्तोबांच्या पत्नी; माहेर इंदापूर तालुक्यातले. तिथून येताना त्यांनी दोन कंद चिखलासकट बादलीत घालून आणले. त्या चिखलाबरोबर केसांसारखी लांब, पाण्याखाली वाढणारी एक हिरवी वनस्पतीही आली, जिचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. सुनेने, सुप्रियाने, बारामतीच्या दुकानातून पिशवीत पाणी भरून सोनमासे आणले. श्रावणापर्यंत पाणी निवळ होते. तळाचा काळा कागद दिसे, त्यावर माशांच्या सावल्या हलत, आणि दत्तोबा आल्यागेल्याला हात धरून परसात नेत.

बिघाड झाला तो दुर्लक्षाने नव्हे, तर काळजीने. आणि ही गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण अशा वेळी लोक आळसाला दोष देऊन मोकळे होतात. पाण्याखालची ती हिरवी वनस्पती पसरू लागली तसे दत्तोबा अस्वस्थ झाले. आपण जे लावले नाही ते तण, ही उसाच्या पट्ट्यातली व्याख्या. आणि ज्याच्या सरीत तण दिसते त्याच्याविषयी गाव काय बोलते हे त्यांनी आयुष्यभर ऐकले होते, पुष्कळदा स्वतःच बोललेही होते. त्यांनी गुडघाभर पाण्यात उतरून तळ्याची चक्क भांगलण केली आणि उपटलेले सगळे तण बांधावर उन्हात टाकले. नंतर कमळाचे एक पान पिवळे पडले. पिवळे पान दिसले की पिकाला नत्र कमी पडले, हेही त्यांना कोणी शिकवावे लागत नव्हते. घरात कोणी नाही असे पाहून त्यांनी वाटीभर युरिया आणला आणि उसाला मोठ्या बांधणीच्या वेळी द्यावा तसा कमळाच्या बुडाशी दिला. पान पिवळेच राहिले, म्हणून आणखी एक वाटी दिली.

त्याच सुमारास शकुबाईंनी माशांना कणकेच्या गोळ्या घालायला सुरुवात केली. माहेरी असताना त्या नीरा नरसिंहपूरच्या संगमावर जात, तेव्हा आईने हातावर ठेवलेल्या गोळ्या पाण्यात सोडल्याशिवाय देवळाची पायरी चढायची नाही असा नेम होता. आता मासे दारातच आले होते. दारातला जीव उपाशी ठेवून स्वतः जेवायला बसणे त्यांना जमण्यासारखे नव्हते. नदीला वाहते पाणी असते आणि या तळ्याला नाही, हा फरक पुण्याईच्या हिशेबात कधी धरलेला नसतो.

पाणी आधी पोपटी झाले, मग गडद हिरवे. तळ दिसेनासा झाला. आणि एके दिवशी उजाडताना शकुबाईंना दिसले की सगळे मासे वर येऊन तोंडे उघडझाप करीत आहेत.

"भुकेजलीत बिचारी," त्या म्हणाल्या. "कशी तोंडं वासत्यात बघा. काल एकादशीच्या गडबडीत कमी पडलं." आणि त्यांनी रोजच्या दुप्पट कणीक मळली.

चार दिवसांत तीन मासे मेले. वास सुटला. ऋषिराज नाकाला रुमाल लावून परसात आला, काठावर उभा राहिला आणि तसाच परत फिरला. बोलला असता तर दत्तोबांना उत्तर देता आले असते. संध्याकाळी जेवताना त्याने सांगितले, की या पंधरवड्यात शेजारच्या वस्तीवर जेसीबी येणार आहे, त्यालाच मुरूम ओढायला सांगतो.

दत्तोबांचे जेवण तिथेच थांबले. पण ते वाद घातल्याशिवाय हार मानणाऱ्यांतले नव्हते, आणि वादासाठी आधी कारण सापडायला हवे होते. दुसऱ्या दिवशी ते पहाटेपासून दुपारपर्यंत तळ्याकाठी बसून राहिले. मासे उजाडताना वर येत होते आणि ऊन चढल्यावर खाली जात होते.

"ही भूक न्हवं," ते घरात येऊन शकुबाईंना म्हणाले. "भूक असती तर दुपारी वाढली असती. हितं दुपारी कमी हुती. ह्यास्नी दम लागतोय. पाण्यात हवा न्हाय."

"पाण्यात कुठली आलीय हवा?"

"नदीकडच्या रानात पाणी साचलं तवा ऊस का पिवळा पडला? मुळ्या गुदमरल्या म्हणून. तसंच हे. किती गोळ्या घालतीस तू?"

"मोजून घालायला काय रेशन हाय? उरली कणीक का घालती."

"कणीक उरत न्हाय. तू उरवतीस."

"बरं, मी उरवती," शकुबाई म्हणाल्या. "आन युरियाच्या गोणीचं तोंड कुणी सोडलं? उंदरानं गाठ सोडली व्हय?"

 भाकरी थापणारी सुप्रिया वळून पाहू लागली.

"मामा, तुमी तळ्यात युरिया टाकला?"

"तळ्यात न्हाय. कमळाला दिला."

"आन कमळ कुठं हाय? गोठ्यात?"

सुप्रियाने भाकरी उतरवून मोबाइल हातात घेतला आणि तव्याखालचा जाळ कमी करून दोघांना वाचून दाखवले. सार असे होते: खत आणि शिळे अन्न या दोहोंवर पाण्यातले बारीक शेवाळ पोसते, ते दिवसा पाण्यात प्राणवायू सोडते आणि रात्री स्वतःच तो वापरते, म्हणून पहाटे माशांना तो उरत नाही. पाण्याखालच्या वनस्पती असत्या तर त्यांनी ते खत आधी खाल्ले असते आणि शेवाळ उपाशी राहिले असते. दत्तोबांनी मागच्या दारातून बांधावरच्या वाळलेल्या ढिगाकडे पाहिले.

"म्हंजे खरा राखणदार मीच उपटला," ते म्हणाले.

"आन मी चोराला जेवाय घातलं," शकुबाई म्हणाल्या.

उपाय तसा साधा होता, आणि म्हणूनच अवघड होता. हिरवे पाणी रोज थोडे थोडे काढून भाजीच्या वाफ्याला द्यायचे, तितकेच विहिरीचे घालायचे, ते तण पुन्हा आणून सोडायचे. आणि एवढे झाल्यावर, सुप्रियाने ठरवून दिले, दोघांपैकी कोणीही तळ्याला हात लावायचा नाही.

तसलेच तण कुंडलिकच्या शेततळ्यात होते. कुंडलिक दत्तोबांच्याच वयाचा, शेजारच्या वस्तीवरचा, आणि यांच्या बांधावर एकदा हरळी दिसली म्हणून वर्षभर चिडवणारा. दत्तोबा बादली घेऊन त्याच्याकडे गेले.

"तण पायजे?" कुंडलिकने दोनदा विचारले. "दत्तोबा, जन्मभर आमच्या रानातलं तण मोजलंस. आता बादली घिऊन मागायला आलास?"

"देतोस का जाऊ?"

"दिऊ की. मुळासकट ने. फकस्त रस्त्यानं झाकून ने. लोकं म्हणतील दत्तोबाच्या डोक्यावर परिणाम झाला, आन माझ्याकडं चौकशी करायला येतील."

त्यानंतरचे दिवस दोघांनाही जड गेले. ज्या माणसाने जास्त घातले तर जास्त येते एवढ्या एका नियमावर आयुष्य काढले, त्याला काही न घालता बसायला सांगणे म्हणजे काय, हे शेती न केलेल्याला समजणार नाही. शकुबाई मागच्या पायरीवर धान्य निवडायला बसत. आपण दत्तोबांवर नजर ठेवायला बसलो आहोत हे त्या लपवीत नसत. दत्तोबाही खाट तिकडेच ओढून घेत, कारण त्यांनाही शकुबाईंवर नजर ठेवायची होती.

"ते पान पिवळं पडलंय," शकुबाई म्हणत. "मला दिसतंय. तुमी बघू नका."

"मी आभाळ बघतोय. तुझ्या मुठीत काय हाय?"

"ज्वारीतलं खडं."

"दाखीव."

त्या मूठ उघडून दाखवीत. कधी त्यात खडेच असत, आणि एकदा कणकेची एक गोळी निघाली. ती त्यांनी कोंबडीला टाकली.

वास गेला. पाण्याचा हिरवेपणा उतरला, पण पूर्ण नाही; हात बुडवला तर मनगटापर्यंत दिसे, कोपरापर्यंत दिसत नसे. तेवढ्यात जेसीबी शेजारी येऊन लागला. ऋषिराज म्हणाला, "उद्या उजाडताना मी स्वतः बघतो. मासं वर तोंड काढून बसल्यालं दिसलं तर पुढं बोलायचं न्हाय. त्यांचा जीव घिऊन तळं ठेवण्यात काय अर्थ हाय?" दत्तोबांनी ही अटही मान्य केली.

दिवस उगवायच्या आधी चौघे काठावर उभे राहिले. पाण्यावर एकही मासा नव्हता. तोंड उघडणारा नव्हता, फिरणारा नव्हता. पाणी सपाट पडलेले होते.

"सगळी मेली," शकुबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "उपाशी मारली आपण."

"मेली असती तर फुगून वर आली असती," दत्तोबा म्हणाले. "मागल्या येळी आलीच की."

"न्हायतर रात्री बगळ्यानं नेली," ऋषिराज म्हणाला. "रिकाम्या पाण्यासाठी जागा अडवायची का आपण?"

"बगळा रात्री जेवत न्हाय. थांब जरा."

"मला रानात जायचंय, आबा."

"सारं आयुष्य मी तुझ्या आधी रानात गेलोय. एक दिवस उशीर झाला तर ऊस पळून जात न्हाय."

ऋषिराज हसला नाही, पण थांबला. पूर्वेकडून ऊन आले, आधी चिंचेच्या शेंड्यावर, मग हळूहळू पाण्यावर. सुप्रियाने बोट दाखवले. मागून आणलेल्या तणाच्या गुंताड्यातून एक मासा सावकाश बाहेर पडला, वर न येता, पाण्याच्या मधल्या थरातून; त्याच्या मागे दुसरा. ते तणाला तोंड लावून काहीतरी वेचीत होते. शकुबाईंनी उरलेले सगळे मोजले आणि पुन्हा मोजले. एकही कमी नव्हता.

"कणकेवाचून जगत्यात की ही," त्या म्हणाल्या. त्यात समाधान होते तसा थोडा रागही होता.

ऋषिराज खाली बसला, बाही वर सारून त्याने हात पाण्यात घातला आणि नाकाशी नेऊन वास घेतला. मग ओल्या हातानेच खिशातून मोबाइल काढला.

"व्हय, मीच बोलतोय," तो जेसीबीवाल्याला म्हणाला. "मुरूम नको आता. न्हाय, ठरलं. काम निघालं तर सांगीन." मोबाइल ठेवून तो वडिलांकडे वळला. "शेडचं पुढल्या साली बघू. तवर ट्रॅक्टर चिंचेखाली लावतो."

"चिंचेखाली पाखरं घाण करतील त्यावर," दत्तोबा सवयीने म्हणाले.

"मग बोलावू का जेसीबी परत?"

दत्तोबांनी चिंचेकडे पाहिले आणि तळ्याकडे पाहिले.

"करू देत," ते म्हणाले. "मी धुवत जाईन."