पदर आला

सावधान.

“चंद्रकला कुठे आहे?”

मुली एकमेकींकडे पाहून हसल्या. सातवीचा वर्ग, सकाळची ड्रिल, आणि रांगेत सगळ्यात उंच मुलीची जागा चार दिवसांपासून रिकामी.

“काहून हसता? तोंड नाही काय?”

“बाई, ते आता नाही पळत,” एकजण म्हणाली. “तिले पदर आला.”

सुमतीबाईंनी शिट्टी फुंकली. एवढ्या जोरात, की ओसरीवर सही करत बसलेल्या हेडबाईंनी मान वर केली.

दाहिने मुड.

दरवर्षी हेच. पाचवीत पोरी नुसत्या धावतात, कशाही, हात हलवत, पडत. सहावीत पाय लांब होतात. दम वाढतो. मैदानाला एक फेरी मारून जी धापा टाकायची, ती आता नुसतं कपाळ पुसते आणि विचारते, आणखी एक मारू? शरीर स्वतःहून काम मागायला लागतं, आणि नेमकी तेव्हाच मुलगी घरी बसते.

मग रांगेत उरतात त्या, ज्यांचं शरीर अजून काही मागत नाही.

महाल भागातल्या या शाळेत ड्रिलबाई झाल्यापासून सुमतीबाईंनी पूर्ण वाढलेली धाव पाहिलीच नव्हती. फक्त सुरुवाती. चंद्रकलेची तरी पाहायची होती. शनिवारी कस्तुरचंद पार्कवर शाळाशाळांच्या शर्यती होत्या. एकदा, शेवटच्या दोरीपर्यंत. बस्स.

तेज चल.

तांडापेठेत चंद्रकलेचा बाप, बाबनराव कोष्टी, दारात बसून गुडघ्यांना तेल चोळत होता. आत हातमाग बंद होता.

“या बाई. ऐकलं काय वं, च्या मांड.”

“पोरीला काहून घरी ठेवली?”

उत्तर आतून आलं, त्याच्या बायकोचं, रुख्माबाईचं. “मोठी झाली ना ते. उद्या सोयरे येतीन. मैदानात सगळ्यायसमोर पळन काय?”

“लुगडं नेसून पळू दे. घट्ट कासोटा मी घालून देते.”

रुख्माबाई चहा घेऊन बाहेर आली. बाईंना खालून वर न्याहाळत म्हणाली, “तुम्ही पळाल्या काय वं बाई कधी?”

“नाही,” सुमतीबाई म्हणाल्या. “मलाही पदर आला होता.”

दाराच्या फटीतून चंद्रकला पाहत होती.

मग सुमतीबाई बाबनरावाकडे वळल्या. वर्गात कधी बोलल्या नव्हत्या इतकं बोलल्या. की हेच वय असतं. हाडं लांबतात, त्यांच्या मागोमाग बळ येतं, पण आपोआप पुरतं येत नाही, कामानं येतं. आता पायांना काम दिलं तर जन्मभर पुरतं. आता बसवून ठेवली, तर चाळिशीत गुडघे बोलायला लागतात.

बाबनरावाचा हात गुडघ्यावर थांबला. “माहे तं ओरडून राहिले बाई.”

“म्हणून सांगते.”

“म्हंजे या वयात पायाले काम देल्लं तं टिकते?”

“टिकतं.”

“आन् पोरीच्या जातीलेबी?”

“तिलाही. तिच्यासारखे पाय मी पाहिले नाहीत.”

बाबनरावानं आतल्या मागाकडे पाहिलं. “पटलं,” तो म्हणाला. “आजपासून देतो काम.”

सुमतीबाई घरी चालत गेल्या नाहीत. जवळजवळ पळतच.

पीछे मुड.

शनिवार. कस्तुरचंद पार्क. चुन्याच्या रेघा, भोंगा, दुसऱ्या शाळांच्या मुली. शंभर यार्डांना चंद्रकलेचं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. रेघेवरची एक जागा रिकामी ठेवून शर्यत सुटली.

दोनशे यार्डांची दुपारी होती. सुमतीबाईंनी सायकलरिक्षा केली. “तांडापेठ. तसंच परत यायचं आहे. जरा जोरात चल गा!”

थम.

गल्लीच्या तोंडाशीच मागाचा आवाज ऐकू आला. खटक्, खटक्. डावा, उजवा. ही लय त्यांच्या ओळखीची होती. त्यांनीच शिकवलेली.

बाबनराव आनंदानं उठला. “पाहा बाई! तुमच्या शब्दावर बसवली, माह्या जागी. घरात पाहून पाहून हात तं होताच. पाय असे चालून राहिले तिचे, सकाळपासून दम नाही लागला!”

चंद्रकला मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसली होती. कमरेपर्यंतच दिसत होती. खाली अंधारात पावलं मागाच्या पायपट्ट्या एकाआड एक दाबत होती, आणि तिच्यासमोर हिरवं लुगडं बोटाबोटानं वाढत होतं.

“मी हे नव्हतं म्हटलं,” सुमतीबाई म्हणाल्या.

“पायालेच काम देल्लं ना बाई?” बाबनरावानं विचारलं. खरोखरच विचारलं.

सुमतीबाई मागाजवळ गेल्या, वाकल्या.

“चंद्रे, ऊठ. दोनशेची बाकी आहे. रिक्षा उभी आहे बाहेर.”

माग थांबला. चंद्रकलेनं दाराकडे पाहिलं, मग बापाच्या गुडघ्यांकडे. मग समोरच्या कापडाकडे.

“थांबा बाई,” ती हळूच म्हणाली. “पदर आला.”

लुगड्याचं हिरवं अंग संपलं होतं. तिनं धोट्यातली हिरव्या दोऱ्याची कांडी काढली, पदराची लाल घातली, आणि दोरा ओढून पाहिला.

बाहेर रिक्षावाल्यानं घंटी वाजवली. खड्ड्यात पाय पुन्हा सुरू झाले. डावा, उजवा.